वजा वीस मिनिटं

मी पस्तीस वर्षं लोकांना गाडी चालवता येते की नाही हे ठरवायचा पगार घेतला. लायसन्सच्या परीक्षेला आलेल्या माणसाच्या शेजारी बसायचं, मांडीवर फॉर्म, हातात पेन आणि तोंड बंद. माझ्या सख्ख्या ताईला मी दोनदा नापास केलं. दुसऱ्या वेळी तिने घरी येऊन माझ्यापुढचं भरलेलं ताट उचलून आत नेलं. तिसऱ्या वेळी ती दुसऱ्या परीक्षकाकडे गेली, पास झाली आणि त्यानंतर तिने गाडीला हात म्हणून लावला नाही. माझे दोन्ही निकाल बरोबर होते असं मी आजही म्हणतो.

म्हणून दाजींची परीक्षा घ्यायची वेळ आली तेव्हा ताईने मला बोलावलं. "तू नात्यागोत्याकडे बघत नाहीस," ती फोनवर म्हणाली. हे कौतुक नव्हतं.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कवळ्या बनवतात. वय अडुसष्ट. घराच्या खालच्या खोलीत त्यांचं काम चालतं. दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवतात, दाजी त्यावरून प्लास्टरचे जबडे ओततात, मेणात दात रचतात, मग हिरड्यांच्या रंगाची गुलाबी पूड कालवून पक्की कवळी करतात. भिंतीला चार फळ्या आहेत आणि त्यांवर नंबर टाकलेले दोनेकशे जबडे आ वासून बसलेले असतात. प्रत्येक माप दाजी तीनदा घेतात. बोलतात कमी. दिवसभर इतकी तोंडं समोर असल्यावर आपलं कशाला उघडायचं, असं त्यांचं धोरण असावं.

रविवारी मात्र ते कयाक घेऊन खाडीत मासे धरायला जातात. एकोणीस वर्षं हा क्रम आहे. नारिंगी रंगाची, एका माणसाची, प्लास्टिकची होडी ती. तिच्यावर पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत जायचं. मला विचाराल तर पाण्यावर खुर्ची टाकून बसण्याचा हा प्रकार आहे.

दाजींवर आरोप तीन होते. एक, त्यांनी दोन कवळ्यांच्या डब्या अदलाबदल केल्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक खाटीक आठ दिवस एकमेकांच्या दातांनी जेवत होते. दोघांपैकी कोणीही तक्रार केली नाही, याचंच दाजींना जास्त लागलं. दोन, मेण वितळवायचा गॅस एकदा रात्रभर चालू राहिला. तीन, माझ्या भाचीला त्यांनी फोनवर एकच प्रश्न दोनदा विचारला. भाची दुसऱ्या गावी औषधांचं दुकान चालवते आणि सगळ्या रोगांची सुरुवात ओळखते. "मामा, बाबांचं विसरणं वाढलंय," ती म्हणाली. "घरात विसरले तर आई आहे. पाण्यात विसरले तर?"

तेव्हा ठरलं असं, की मी एका रविवारी दाजींबरोबर जायचं, सगळं बघायचं आणि निकाल द्यायचा. पास झाले तर जातील. नापास झाले तर कयाक शाळेच्या व्यायामशिक्षकाला देऊन टाकायची. त्याने आपल्या गाडीच्या टपाचं माप आधीच घेऊन ठेवलं होतं.

दाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले आणि उठून खाली गेले. ताई सांगत होती की त्या रात्री ते जेवले नाहीत.

मी शनिवारीच पोचलो. संध्याकाळी ताई खाडीच्या घड्याळाला चावी देत होती. हे जुनं, चावीचं, पाण्यात चालणारं मनगटी घड्याळ बोळात वल्ह्याशेजारी खिळ्याला टांगलेलं असतं आणि आठवड्यात बंद पडतं. शनिवारी संध्याकाळी रेडिओवर बातम्या सुरू होताना त्याला चावी देऊन वेळ लावायची, हे पहिल्यापासून ताईचं काम. त्या दिवशी ती ते हातात घेऊन जरा जास्तच वेळ उभी होती. मला वाटलं, गेलेल्या दिवसांचा विचार करत असेल. मी तिला हाक मारली नाही.

सकाळी साडेसहाला आम्ही धक्क्याच्या उतारावर होतो. मला दिलेली कयाक दाजींची पहिली, फायबरची. तिच्या तळाला तीन ठिकाणी गुलाबी ठिगळं होती. कवळीचा मसाला, दाजी म्हणाले. म्हणजे मी दुसऱ्यांच्या हिरड्यांच्या भरवशावर समुद्राकडे निघालो होतो. त्यांनी माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढले.

"घट्ट वाटतंय?"

"खूप."

"दोन दिवसांत सवय होईल," दाजी म्हणाले. कवळी बसवल्यावर ते प्रत्येकाला हेच सांगतात.

मग त्यांनी मला त्या जागेचा एकुलता एक नियम सांगितला. धक्क्यापासून एक अरुंद फाटा खाडीत जातो. त्याच्या तोंडाशी चिखलाचा उंचवटा आहे, त्याला सगळे उंबरठा म्हणतात. आज भरती सात दहाला. त्यानंतर पाणी उतरणार. पावणेदहापर्यंत उंबरठा ओलांडून परत आत यायचं. दहाला तिथे वीतभर पाणी राहत नाही, आणि मग संध्याकाळी पाचपर्यंत बाहेरच.

"बाहेर म्हणजे?"

"चिखलात."

"आणि पाच मिनिटं उशीर झाला तर?"

"पाच मिनिटांचा उशीर सात तासांचा होतो," दाजी म्हणाले.

मी मनातल्या फॉर्मवर 'नियमांचं ज्ञान' या रकान्यात पूर्ण गुण दिले. माझा फोन मी तीन पिशव्यांत गुंडाळून पाठीमागच्या कप्प्यात ठेवला होता. तो काढायला मागे वळावं लागलं असतं, आणि मागे वळायचं नाही असं मी धक्क्यावरच ठरवलं होतं. दाजी फोन आणतच नाहीत. माशांकडे नंबर नाही म्हणतात.

पाण्यावरचे दाजी मी कधी बघितले नव्हते. घरात खुर्चीतून उठताना गुडघ्याला हात लावणारा हा माणूस वल्हं असं मारत होता की पाण्याचा आवाज होत नव्हता. दर पन्नास वल्ह्यांनी मागे बघून मी अजून वर आहे ना याची खात्री करत होता. आरसे बघणं: पूर्ण गुण. मी मात्र गोल फिरत होतो.

"दोन्ही हात वापर," दाजी म्हणाले.

"दोन्हीच वापरतोय!"

"मग डावा कमी वापर."

खोल पाण्याच्या कडेला त्यांनी दोन्ही नांगर टाकले, गळाला कोळंबी लावली आणि गप्प बसले. मीही बसलो. माझ्या नोकरीत मी हजारो तास गप्प बसलो होतो, पण तेव्हा शेजारचा माणूस घाबरलेला असायचा. इथे घाबरलेला मीच होतो.

पहिला मासा आठ वाजता लागला. चंदेरी, हाताएवढा. दाजींनी गळ सोडवला, अंगठ्याने त्याचा खालचा ओठ खाली केला आणि आत बघितलं. "खालचा जबडा पुढे आहे," म्हणाले, आणि त्याला परत सोडून दिलं. दुसऱ्याचंही तोंड तपासलं. तो जाळीच्या पिशवीत गेला. कोणत्या जबड्याला माफी मिळते ते मला कळलं नाही, पण गडबड कुठेच नव्हती. गळ मोजून काढले, मोजून ठेवले. पिशवीची गाठ दोनदा बघितली. मी शोधायला आलो होतो विसराळू म्हातारा, आणि समोर बसला होता माझ्या आयुष्यातला सगळ्यात नीटनेटका उमेदवार. मला जरा रागच आला. सकाळी साडेपाचला उठून पूर्ण गुण द्यायचे म्हणजे काय!

एकच खोट सापडली. मी मधूनच विचारलं, "किती वाजले?" दाजींनी घड्याळाकडे बघितलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नऊ पाच." तो क्षणभराचा थांबा मी टिपून ठेवला. साधी वेळ सांगायला माणसाला विचार करावा लागतो? भाचीचं बोलणं आठवलं. मला तोवर दाजी पास व्हायला हवे होते. परीक्षकाने असं काही वाटून घ्यायचं नसतं.

त्यानंतर माझ्या गळाला मासा लागला. माझ्या! मी आरडाओरडा केला, कयाक डुलली, दाजी जवळ आले, त्यांनी माझी गळाची काठी धरली नाही, फक्त कयाक धरली. "तुझा तू घे," म्हणाले. दहा मिनिटं झटापट करून मी तो वर काढला. चप्पलेएवढा होता. त्या दहा मिनिटांत जगात दुसरं काही घडत असेल असं मला वाटलं नाही.

"नऊ पंचवीस," दाजी घड्याळ बघून, पुन्हा क्षणभर थांबून म्हणाले. "निघू या. वीस मिनिटं लागतील. पावणेदहाला उंबरठा."

आम्ही निघालो. मधे एक खांब लागतो, शिंपल्यांचं कडं असलेला; कडं किती उघडं पडलं त्यावरून पाणी किती उतरलं ते कळतं. त्याच्याशी आल्यावर दाजींनी त्या कड्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग परत कड्याकडे. वल्हं जोरात मारायला लागले. उंबरठ्यापासून शंभर हातांवर माझी कयाक पोटावर घासली आणि थांबली. दाजी माझ्यापुढे होते, त्यांना अजून पाणी होतं. नेट लावला असता तर ते निसटले असते, असं मला वाटतं. ते वळले, माझ्यापाशी आले आणि माझ्या शेजारी रुतून बसले.

पाणी डोळ्यांदेखत निघून गेलं. त्याला जराही संकोच वाटला नाही. अर्ध्या तासात आमच्या चारही बाजूंना चकचकीत चिखल होता, आणि त्यात दोन होड्या, दोन म्हातारे आणि दोन मासे. धक्का समोर दिसत होता. तिथला एक माणूस आपलं दुचाकीचं चाक धूत होता, तेही दिसत होतं. मी पाय बाहेर टाकून बघितला, तो मांडीपर्यंत आत गेला आणि परत आला तेव्हा त्यात चप्पल नव्हती.

"नापास," मी म्हणालो. मला फार राग आला होता. "सगळं बरोबर केलंत दाजी, आणि वेळ चुकलात! एकच नियम होता!"

दाजी घड्याळाकडे बघत होते. "तुझा फोन काढ," ते म्हणाले.

आता कयाक हलणार नव्हती, म्हणून मी मागे वळलो. तीन पिशव्या सोडल्या. फोनवर दहा वाजून एकतीस मिनिटं झाली होती. दाजींनी मनगट पुढे केलं. घड्याळातही दहा एकतीस.

"घड्याळ बरोबर आहे," मी म्हणालो.

"हो ना," दाजी म्हणाले. "तेच तर."

आधी मी ताईला फोन केला. चिखलात अडकलोय, सुखरूप आहोत, पाच वाजता येऊ. ती फक्त "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग सात तासांतल्या पहिल्या तासात दाजींनी मला एकोणीस वर्षांची गोष्ट सांगितली. त्यांच्या तोंडून सलग इतकी वाक्यं मी ताईच्या लग्नापासून ऐकली नव्हती.

पहिल्याच वर्षी एकदा ते असेच अडकले होते. ताई तीन तास धक्क्यावर उभी होती. पुढच्या शनिवारी तिने आपणहून घड्याळाला चावी द्यायचं काम मागून घेतलं. रविवारी पाण्यावर दाजींच्या लक्षात आलं की घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे.

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो. घरी गेलो तर दारात उभी. म्हणाली, 'आज वेळेवर आलात.' तिचा चेहरा बघितला आणि राहिलं. तेव्हापासून वीस वजा करतो. तिला वाटतं तिच्या वीस मिनिटांमुळे मी परत येतो. वाटू दे. तसं ते खोटंही नाही."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. तो क्षणभराचा थांबा म्हणजे वजाबाकी होती. एकोणीस वर्षं प्रत्येक शनिवारी ताईने वीस मिनिटं पुढे केली, प्रत्येक रविवारी दाजींनी ती मागे केली, आणि दोघांनी एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही. आणि या शनिवारी तिने घड्याळ बरोबर लावलं होतं.

"ती असं का करेल?" मी विचारलं.

"तू येणार होतास ना. परीक्षा म्हटल्यावर घड्याळ खरं हवं असं वाटलं असेल. तुझीच बहीण."

"आणि तुम्ही ताडून बघितलं नाहीत? जबड्याचं माप तीनदा घेता!"

"तिचं काम मी तपासत नाही," दाजी म्हणाले.

ऊन चढलं. आम्ही माझी बिस्किटं खाल्ली. एक खेकडा बाहेर आला, त्याने माझी चप्पल ज्या भोकात गेली होती ते तपासलं आणि आत राहायला गेला. दोन वाजता मी म्हणालो, "दाजी, तुम्ही पास आहात. घरी गेल्यावर सगळं सांगतो."

"नाही सांगायचं."

"का?"

"एकोणीस वर्षं मी तिला फसवलं असं होईल. नापास लिही. विसरलो म्हणून सांग."

"मी खोटा निकाल देत नाही. सख्ख्या बहिणीला दोनदा नापास केलंय."

"म्हणून तर ती तुझ्यावर विश्वास ठेवेल." मग म्हणाले, "कयाक गेली तर गेली. एकोणीस वर्षं बसलो, पुरे झालं." हे बोलताना त्यांचा हात नारिंगी कडेवरून पुढे-मागे फिरत होता, आणि माझ्याकडे ते बघत नव्हते. मला त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की मी त्यांच्यावर ओरडलोच.

पावणेपाचला पाणी परत आलं, काहीच झालं नसल्यासारखं. घरी पोचलो तेव्हा ताई दारात होती. तिने आधी दाजींना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग मला, मग माझ्या एका अनवाणी पायाला.

"काय झालं?"

"विसरलो," दाजी म्हणाले. "वेळेचं भानच राहिलं नाही." मासे तिच्या हातात दिले आणि अंघोळीला गेले.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. तिने मासे ओट्यावर ठेवले आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. "मी घड्याळ अगदी बरोबर लावलं होतं रे," ती म्हणाली. "मिनिटाला मिनिट. तरी यांना वेळ कळली नाही. म्हणजे पोरगी म्हणते ते खरं आहे. डोकं निकामी होत चाललंय यांचं." आणि माझी ताई, जी नापास होऊन आली तेव्हाही रडली नव्हती, ती नळाखाली हात धरून रडायला लागली.

दाजींनी सगळा हिशोब केला होता, एवढाच राहिला होता. मी नळ बंद केला आणि तिला सांगून टाकलं. पहिल्या वर्षापासून चिखलापर्यंत सगळं.

तिने डोळे पुसले.

"एकोणीस वर्षं?"

"एकोणीस."

"म्हणजे मी पुढे करायचे आणि हे वजा करायचे."

"हो."

"लबाड," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते मी विचारलं नाही. मग तिने सुरी घेतली आणि मासा इतक्या जोरात साफ करायला घेतला की खवले माझ्या चष्म्यावर आले. "मला कळलंय हे यांना सांगायचं नाही. शपथ आहे."

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. भाची. ताईने ओल्या हातांनीच घेतला. "हो, आले," ती म्हणाली. "उशीर मामामुळे झाला. त्याला वल्हवता येत नाही. बाबा पास." माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझा निकाल दुसऱ्याने जाहीर केल्याची ही एकच वेळ, आणि मी हरकत घेतली नाही. व्यायामशिक्षकाने टपावर काय बांधलं मला माहीत नाही.

पुढच्या शनिवारी मी उरलेली एक चप्पल न्यायच्या निमित्ताने परत गेलो. रविवारी सकाळी बोळात दाजींनी खिळ्यावरून घड्याळ काढलं, मनगटावर बांधलं आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा जरा मोठा. त्यांनी मला हळूच खूण केली. मी खिशातून फोन काढून त्यांच्या मनगटाशेजारी धरला.

"किती?" त्यांनी कुजबुजत विचारलं. चष्मा लावलेला नव्हता.

"वीस," मी म्हणालो. "पुढे."

दाजींनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग वल्हं उचललं आणि आतल्या दिशेने मोठ्याने म्हणाले, "येतो गं. वेळेवर येतो."

"या," ताई आतून म्हणाली.